कललेली कॅराव्हॅन

मंडळी, आज सकाळी तंजावुरात, आमच्या दारातच, कॅराव्हॅन उजवीकडे कललेली दिसली. मला वाटलं, उजव्या सस्पेन्शनचा हवेचा फुगा गळतोय. तासभर साबणाचं पाणी लावत बसलो. एकही बुडबुडा आला नाही.

मेकॅनिक सेल्वम आला, खाली वाकला. "सार, उजवी बरोबर आहे. डावी बाजू वर आलीय. तिथलं जड काही काढलंत?"

काढलं होतं. तिथे अप्पांची, माझ्या वडिलांची, सागवानी खाट होती. त्यांना झोपवूनच मी डाव्या फुग्यात जास्त हवा भरली होती. परवा तेराव्याला ती खाट शय्यादानात दिली.

सेल्वमनं हवा सोडली. गाडी सरळ झाली.

ते गेल्याचं गाडीला कळलं. मला अजून रडूही आलेलं नाही. तुम्हाला किती दिवस लागले होते?