शब्बीरभाईंची कबुतरं

“सारे कबुतर देऊन टाकले, डॉक्टरसाब. आता तं दम लागनार नाही ना?”

शब्बीरभाई माझ्या दवाखान्यातल्या स्टुलावर बसून विचारत होते. पुसदला त्यांचं सायकल दुरुस्तीचं दुकान होतं. एवढं बोलायलाही त्यांना मध्येच थांबावं लागलं. साल सदुसष्ट-अडुसष्टचं असेल.

त्याआधी वर्षभर त्यांना संध्याकाळी ताप यायचा, कोरडा खोकला यायचा. तेव्हा आमच्याकडे असा पेशंट म्हणजे टीबी, दुसरा विचार कोण करतो! यवतमाळला ॲडमिट केलं, स्ट्रेप्टोमायसिन सुरू झालं आणि गडी खडखडीत बरा होऊन घरी आला. आठवड्यात पुन्हा तेच. थुंकीत जंतू एकदाही सापडला नव्हता. पाठीला स्टेथोस्कोप लावला, की कानाशी बोटांत केस चोळावेत तसा बारीक आवाज यायचा.

एक्स-रे घेऊन मी नागपूरला माझ्या सरांकडे गेलो. त्यांनी फिल्म उजेडात धरली.

“घरात पक्षी आहेत का?”

मला वाटलं, सर थट्टा करताहेत. पण शब्बीरभाई पुसदचे नावाजलेले कबुतरबाज. रोज सकाळी माळवदावरचा दरबा, म्हणजे कबुतरांचं खुराडं, स्वतः झाडायचे.

आपल्या फुप्फुसात हवेचे इवले इवले फुगे असतात. त्यांच्यामधल्या पातळ पडद्याला इंटरस्टिशियम म्हणतात. कबुतरांच्या विष्ठेची, पिसांची धूळ काहींना सोसत नाही आणि हा पडदा सुजतो. सूज फार दिवस राहिली तर त्याचं चामडं होतं. सूज उतरते, चामड्याचा पुन्हा पडदा होत नाही. सूज उतरवायला थोडे दिवस प्रेडनिसोलोन द्यायचं, पण खरा इलाज कबुतरांपासून लांब राहणं.

हे सांगितल्यावर शब्बीरभाई ढसाढसा रडले. तरी त्यांनी ऐकलं. महागावच्या एका शौकिनाला सगळी कबुतरं नेऊन दिली आणि तेच सांगायला ते त्या दिवशी आले होते. मी निश्चिंत झालो.

दीडदोन महिन्यांनी त्यांच्या बायकोचा, हमीदाबींचा निरोप आला, की शब्बीरभाईंना खाटेवरून उठवत नाही. घरी गेलो, तर वरून घुमण्याचा आवाज. माळवदावर चढलो. दरबा गच्च भरलेला.

“ही कुठून आली?” खाली येऊन मी ओरडलोच.

“महागावाहून,” हमीदाबी म्हणाल्या. “दुसऱ्याच दिवशी आले न. सोडलं का घरीच येतेत ते.”

“मग मला सांगायचं नाही?”

शब्बीरभाई खाटेवरून म्हणाले, “तुमी म्हनलं देऊन टाका, मी देल्ले. आता ते आपल्या मनानं घरी आले, तं दार लावून घेऊ काय साब? बेइमानी हाये ते.”

महागावात सोडलेल्या पाखराला पुसदचं घर किती लांब, हे गावातल्या शेंबड्या पोरालाही ठाऊक होतं. मी पडलो डॉक्टर.

“मग कबुतरं राहू द्या, तुम्ही निघा,” मी म्हणालो.

त्यांना बहिणीकडे दिग्रसला धाडलं. ताप गेला, खोकला गेला. मी खूश होऊन भेटायला गेलो. ते अंगणात बसले होते.

“दम परत येईन काय, साब?”

खोटं बोलवेना. “गेलेला नाही येणार. पण इथं राहिलात तर आहे तेवढा टिकेल.”

“टायरात हवा मारता येत नाही, तेवढा?” ते हसले. “मंग मी इथं कायले बसून राहू?”

ते पुसदला परतले. पुढचा हिवाळा काही त्यांना काढता आला नाही. आजही त्यांची आठवण आली, की जीव हळहळतो. रोग सापडला होता, इलाजही बरोबर होता.

त्यानंतर मी चिठ्ठी लिहून झाली, की पेशंटला विचारायला लागलो, “मी सांगितलं ते केल्यावर पुढे काय होईल?” उत्तर बहुतेक वेळा मला ठाऊक नसलेलंच असायचं.