बुधवारचा घाट

कवळी हे काही त्याचं खरं नाव नव्हे, पण सायकलवरच्या मंडळींनी ते ठेवलं आणि त्यानं मुकाट्यानं लावून घेतलं. धंदाच तसा होता. दवाखान्यांतून जबड्यांचे ठसे यायचे, त्यावरून तो प्लास्टरचे साचे ओतायचा, मेणात एकेक दात बसवायचा आणि आठवड्याभरात कोणाच्या तरी तोंडाची सोय करून द्यायचा. बावीस वर्षांत काही हजार माणसं त्यानं हसती केली असतील, पण त्यातलं एकही तोंड प्रत्यक्ष पाहिलेलं नव्हतं. ठशासोबत एक चिठ्ठी यायची. रंगाचा नंबर, वय, आणि कधीतरी घाईच्या अक्षरात ‘जरा हसरं ठेवा’. बस्स. लॅब म्हणजे एक खोली, तिची खिडकी बोळात उघडणारी. रेडिओ बिघडला तेव्हा नवा घ्यायचा राहून गेला, आणि तेव्हापासून दिवसभर तिथं जे काही बोलायचं ते घासायचं मशीनच बोलायचं.

राहायला थोरल्या भावाच्या घरावरची खोली. दादा बोलायला जेमतेम, त्याची भरपाई वहिनी करायच्या. एक्केचाळिसाव्या वर्षी भावोजींनी सायकल घेतली, घट्ट चड्डी चढवली आणि पहाटे जिन्यावरून टकटक बूट वाजवत खाली उतरले, तेव्हा वहिनींनी दार उघडून त्यांना वरपासून खालपर्यंत न्याहाळलं होतं आणि एवढंच विचारलं होतं, की हे सगळं शुद्धीत असताना विकत घेतलंत ना.

हे खूळ त्याच्या डोक्यात घातलं डॉक्टरनं. डॉक्टर दातांचा, त्याच्या दवाखान्याचं सगळं काम कवळीकडेच. दवाखान्यात दोघं एकमेकांना ‘तुम्ही’ म्हणायचे, हेल्मेट चढलं की ‘तू’ व्हायचं. दोन वर्षांत कवळीला त्या ‘तू’ची चांगलीच चटक लागली होती. सोबत आणखी दोघं. एक गणिताचा मास्तर, जो चढावर स्वतःच्या छातीचे ठोके मोठ्यानं सांगायचा, जणू वर्गाला उदाहरण घालतोय. दुसरी वकीलबाई, जी ऐन चढात दम न लागता अशिलांच्या घटस्फोटाच्या गोष्टी सांगायची. नावं गाळून, पण बाकी काही म्हणजे काही न गाळता.

दर रविवारी चौघं गावाबाहेरचा घाट चढायचे. चौदा वळणं. घाटाचा एक रिवाज त्यांनीच पाडलेला होता. जो पहिला माथ्यावर पोचेल त्यानं तिथं बसून राहायचं नाही. परत खाली यायचं आणि शेवटच्याला सोबत घेऊन पुन्हा चढायचं. पहिला कोण हे दर रविवारी बदलायचं. शेवटचा कोण यावर कधी चर्चा झाली नाही. दहाव्या वळणाच्या आसपास, पाय शिशाचे झालेले असताना, वरून एक दिवा डुलत डुलत खाली यायचा, वळसा घेऊन शेजारी लागायचा, आणि कोणीतरी म्हणायचं, “चल.” कवळीचा आख्खा आठवडा त्या ‘चल’वर निघायचा. हे त्यानं कोणाला सांगितलं नव्हतं. सांगण्यासारखं ते नव्हतंही.

त्या साली चौघांनी मोठ्या राईडला उतरायचं ठरवलं. दोनशे किलोमीटर, तीन घाट, अकरा तासांच्या आत. संघ करून उतरता यायचं, आणि संघाची वेळ म्हणजे संघातला शेवटचा माणूस पोचेल ती वेळ. कवळीनं नियमांचा कागद इतक्यांदा वाचला, की त्याच्या घड्या फाटायला आल्या.

सायकलींची देखभाल त्याच्याकडे होती. मास्तरनं एकदा स्वतः ब्रेक दुरुस्त केले आणि मग थेट कुंपणात जाऊन थांबला, तेव्हापासून. बारीक कामाला कवळीचा हात चालायचा. महिन्यातून एकदा, शुक्रवारी संध्याकाळी, सगळे आपापल्या सायकली लॅबमध्ये आणून लावायचे. साच्यांच्या मांडणीखाली चार सायकली उभ्या राहिल्या की खोलीत पाय ठेवायला जागा उरायची नाही, आणि त्याला ते बरं वाटायचं. चार महिन्यांपूर्वी चौघांच्या चेनी त्यानं एकाच दिवशी बदलल्या होत्या, एकाच खोक्यातल्या. तारीख पेन्सिलीनं भिंतीवर लिहून ठेवली होती.

त्या शनिवारी सकाळी त्यानं चेन मोजायची पट्टी काढली. पोलादाची छोटी पट्टी असते; एक टोक चेनच्या कडीत अडकवायचं. चेन चांगली असेल तर दुसरं टोक वरच टेकतं, झिजून ताणली असेल तर आत उतरतं. डॉक्टरच्या चेनवर लावली, उतरली. मास्तरच्या चेनवर उतरली. वकीलबाईच्या तर अशी उतरली की बघायचं काम नाही. त्याच्या स्वतःच्या चेनवर मात्र वरच बसली, टुणकन.

त्यानं भिंतीवरची तारीख पाहिली. सोळा रविवार, दर रविवारी साठ किलोमीटर. हजारसुद्धा होत नाहीत, आणि चेन तिनेक हजाराला अशी होते. दात किती झिजला यावरून माणूस किती वर्षं चावतोय हे सांगणाऱ्या या गृहस्थाला पुढचा विचार सुचायला हवा होता. सुचला नाही. त्याला एकच गोष्ट सुचली, की दुकानदारानं तीन चेनी नकली गळ्यात मारल्या.

तिन्ही चेनी उतरवून त्यानं पिशवीत घातल्या आणि घाटाच्या पायथ्याशी असलेल्या सायकलच्या दुकानाकडे निघाला. वाटेत त्यानं चांगलं सणसणीत भाषण तयार केलं. भांडणाची त्याला सवय नव्हती. पण मित्रांसाठी भांडायचं होतं, म्हणून जोर आला होता. त्या चेनीवर भर घाटात वकीलबाई पडली असती तर, असं एक वाक्यही त्यानं राखून ठेवलं होतं.

दुकानदारानं भाषण शांतपणे ऐकलं. मग चेनी फडक्यानं पुसून उजेडात धरल्या. म्हणाला, चेन अस्सल आहे, फक्त चालवलीय भरपूर. कवळी म्हणाला, कशी चालवतील? रविवारखेरीज आम्ही निघतच नाही.

“तुम्ही नाही निघत,” दुकानदार म्हणाला. “ते तिघं बुधवारी, शुक्रवारी असतातच की. मी शटर वर करतो तेव्हा इथंच हवा भरतात आणि वर जातात. माथ्याच्या पलीकडे उतरून परत चढून येतात म्हणे. तुम्हाला भट्टी असते ना त्या दिवशी? मास्तर म्हणाले मला.”

भट्टी म्हणजे चिनीमातीचे दात भाजायची. कवळी ती सोमवारी दुपारी लावायचा. बुधवारी पहाटे साडेपाचला तो अंथरुणात पडून छताकडे बघत असायचा, रविवारला किती दिवस राहिले ते मोजत.

“हो,” तो म्हणाला. “बुधवारी भट्टी असते.”

त्यानं तीन नव्या चेनी घेतल्या. दुकानदारानं जुन्या ठेवून घेऊ का विचारलं, तर का कोण जाणे, तो नको म्हणाला आणि पिशवीत घालून परत घेऊन आला. दुपारभर बसून त्यानं नव्या चेनी बसवल्या, तेल दिलं, फडक्यानं जास्तीचं टिपलं. वकीलबाईच्या सायकलचा एक गिअर कुरकुरत होता, तोही नीट करून ठेवला. संध्याकाळी तिघं सायकली न्यायला आले. चेन बदलली का, इतक्यात कशी झिजली, असं कोणी एका शब्दानं विचारलं नाही. डॉक्टरनं फक्त पेडल फिरवून पाहिलं आणि म्हणाला, लोण्यासारखी चालतेय.

दुसऱ्या दिवशी रविवार. कवळी नेहमीसारखाच चढला. पण आता त्याला सगळं दिसू लागलं होतं, आणि दिसायला लागलेलं पुन्हा न दिसतं करायची सोय नसते. मास्तर ठोके सांगत होता, पण आकडा शंभराच्या पलीकडे जात नव्हता. वकीलबाईला दम लागत नाही ही तिची कमाल नव्हती. तिच्यासाठी हा चढच उरला नव्हता. दहाव्या वळणावर दिवा आला. डॉक्टर होता. शेजारी लागत म्हणाला, छान चाललायस, मागच्यापेक्षा बराच फरक आहे. हे वाक्य दोन वर्षं त्याच शब्दांत चाललं होतं, आणि दोन वर्षं कवळीनं ते नव्यानं घेतलं होतं.

माथ्यावर डॉक्टर म्हणाला, गुरुवारी संध्याकाळपर्यंत फॉर्म भरायचाय, चौघांची नावं घालून टाकतो. मास्तर म्हणाला, सगळं जुळून आलं तर अकरा तासांत दहा मिनिटं राखून बसतंय गणित. बोलताना तो बुटानं रस्त्यावरचा खडा सरकवत होता. मास्तरला खोटं गणित मांडता येत नाही. कवळीनंही मनात ते सोडवून पाहिलं. त्या तिघांचं उत्तर साडेनऊ तास येत होतं. चौघांचं कोणत्याही पद्धतीनं अकरात बसत नव्हतं.

सोमवार, मंगळवार त्यानं एका बासष्ट वर्षांच्या बाईंची वरची कवळी केली आणि दोनदा मोडून पुन्हा मेणात बसवली. दात सरळ रांगेत येत होते, पण हसरे येत नव्हते.

बुधवारी पहाटे साडेचारला तो जिना उतरला, बूट हातात घेऊन. दुकान अजून बंद होतं. एकट्यानं घाटाला लागायची ही पहिलीच वेळ. रविवारी गप्पांत जाणारी पहिली तीन वळणं इतकी लांब आहेत हे त्याला माहीतच नव्हतं. पुढच्या दिव्याचा तेवढा गोल तुकडा, त्यात येणारा रस्ता, आणि स्वतःचा श्वास. नवव्या वळणावर खालून तीन दिवे दिसले. वर केवढ्या वेगानं येत होते! त्याला राग यायला हवा होता, पण आधी कौतुकच वाटलं. चेनी अगदी गप्प चालत होत्या. काम चांगलं झालं होतं.

त्याला ओळखल्यावर तिघं एकदम सावकाश झाले. मास्तरनं ठोकेसुद्धा सांगितले नाहीत. शेवटी वकीलबाई शेजारी आली.

“सांगायला हवं होतं तुला,” ती म्हणाली. “पण सांगितलं असतं तर तू आला असतास. आणि मग आम्हाला आणखी एखादा वार शोधावा लागला असता.”

कवळीला हसू आलं; खरंखुरं आलं, आणि त्या हसण्यात त्याचा सगळा दम गेला. तो पाय टेकून उभा राहिला. तेही थांबले.

“फॉर्मवर तिघांचीच नावं घाल, डॉक्टर,” तो म्हणाला. “तिघांचा संघ चालतो. नियम वाचलेत मी. मी एकट्याचा वेगळा फॉर्म भरतो. एकट्याला अकरा तासांचं बंधन नाही, अंधार पडायच्या आत पोचलं की झालं.”

डॉक्टर म्हणाला, असं कसं, आपण चौघं मिळून ठरवलंय. म्हणाला खरा, पण त्याआधी क्षणभर त्याचे खांदे सैल झाले होते. दिव्याच्या उजेडात तेवढं दिसून गेलं. मास्तर म्हणाला, भट्टीचं जे सांगितलं ते… आणि पुढे त्याला जमेना.

“रविवारी येशील ना?” मास्तरनंच विचारलं.

“येईन की. पण मला न्यायला कोणी खाली यायचं नाही.”

“मग वर थांबतो.”

“थांबूही नका,” कवळी म्हणाला. “तुम्ही थांबलायत हे माहीत असलं की मला नीट दमताही येत नाही.”

तिघांनी पाय पेडलवर चढवले. डॉक्टरनं जाताना मान हलवली. बघता बघता तीन दिवे अकराव्या वळणाआड गेले, बाराव्यावर पुन्हा दिसले, मग दिसेनासे झाले. कवळी एकदा उतरायचं का याचा विचार करत उभा राहिला. खाली जायला कोणाचीच हरकत नव्हती. वर जायलाही नव्हती. तो वर गेला. माथ्यावर पोचला तेव्हा उजाडलं होतं आणि तिथं कोणी नव्हतं.

गुरुवारी दुपारी त्यानं लॅबमध्ये बसून एकट्याचा फॉर्म भरला. नाव, वय, रक्तगट हे पटापट झालं. मग एक रकाना आला: तातडीच्या वेळी कोणाला कळवावं. चौघांचा फॉर्म असता तर त्यानं डॉक्टरचा नंबर डोळे मिटून लिहिला असता. पेन बराच वेळ त्या रकान्यावर अडून राहिलं. मशीन बंद होतं. शेवटी फॉर्म हातात घेऊन तो घरी आला.

वहिनी जिन्याच्या तोंडाशी कपडे वाळत घालत होत्या. त्यानं विचारलं, तुमचा नंबर एका कागदावर लिहिला तर चालेल का. कशाला, म्हणून त्यांनी विचारलं. त्यानं सांगितलं.

“म्हणजे तुम्ही कुठंतरी पडलात तर फोन मला येणार?”

“शक्यतो नाही येणार.”

“आणि आलाच तर मी काय करायचं? मला तो घाट कुठं आहे तेसुद्धा माहीत नाही.”

याचा त्यानं विचार केला नव्हता. “उचलायचा,” तो म्हणाला.

वहिनींनी हातातला ओला शर्ट झटकला, दोरीवर टाकला, चिमटा लावला. मग नंबर सांगितला, एकेक आकडा सुटा करून, तो लिहितोय की नाही ते बघत. लिहून झाल्यावर म्हणाल्या, पुन्हा वाचून दाखवा. त्यानं वाचून दाखवला.