सगळ्यांच्या फाइलमधली माझी ओळ

“फौजींनी तिसऱ्यांदा सर्व्हर उभा केलाय म्हणं. टेस्ट काय उभी राहीना गड्या!”

चहाच्या टेबलापाशी कुणीतरी म्हणालं आणि दोघं हसले. मी शेजारीच पाण्याची बाटली भरत होते. ती भरून वाहायला लागल्यावर मला भान आलं.

फौजी म्हणजे आमच्या सांगलीच्या ऑफिसात सर्व्हर सांभाळणारे, माण तालुक्याकडचे, सैन्यातून निवृत्त झालेले. ते सहा महिन्यांच्या बोलीवर आले होते. त्यांना कायम करायचं की नाही, हे शुक्रवारच्या मीटिंगमध्ये ठरणार होतं. आणि सोमवारपासून एक टेस्ट सारखी नापास होत होती.

एका सर्व्हरवर बऱ्याच आभासी मशीन ठेवायच्या आणि त्या कमांड टाइप करून चालवायच्या, असं आमचं सॉफ्टवेअर. पत्ता न देता कमांड दिली, की ती त्याच सर्व्हरला जोडली जायला हवी. टेस्ट एवढंच तपासायची. पण कमांड भलतीकडेच जात होती. फौजींनी रविवारी सर्व्हर अपडेट केला होता, त्यामुळे सगळ्यांनी बोट त्यांच्याकडे दाखवलं.

बुधवारी मला कारण सापडलं. आदल्या शनिवारी काम लवकर उरकावं म्हणून मीच सामायिक सेटिंगच्या फाइलमध्ये एक ओळ टाकली होती. तिच्यामुळे पत्ता नसलेली प्रत्येक कमांड एका खोट्या, सरावाच्या मशीनकडे जायची. ओळ काढायची राहून गेली. लॉगिन सगळ्यांचं एकच, म्हणून तिथे माझं नाव नव्हतं. हे आधी मनात आलं, याची मला अजून लाज वाटते.

तेवढ्यात फौजी माझ्या टेबलाशी आले. “ताई, सगळं पुसून नव्यानं टाकलं. पण तुमा लोकांच्या सेटिंगला धक्का लागू दिला न्हाई. जपून ठिवली, जशीच्या तशी परत घातली.”

म्हणजे माझी चूक तेच दर वेळी जपून परत आणत होते. मी “थँक्यू” म्हणाले.

पाचगणीच्या बोर्डिंगमध्ये शिकल्यामुळे माझं मराठी अडखळतं. ऑफिसात लोक त्याची नक्कल करतात, म्हणून मी सगळं चॅटवर इंग्रजीत लिहिते. गुरुवारी कबुलीचा मेसेज तीनदा लिहिला आणि तीनदा पुसला. ओळ काढली तर चौकशी होईल, म्हणून तीही तशीच ठेवली.

शुक्रवारी साहेबांनी टेस्टचं विचारलं. फौजी उठून उभे राहिले. “सर, सर्व्हर माझ्या ताब्यात हाय. तवा चूक बी माझीच.”

साहेबांनी मान हलवली आणि समोरच्या कागदावर काहीतरी लिहायला घेतलं. माझी खुर्ची मागे सरकल्याचा आवाज झाला. सगळे वळून बघायला लागले.

“सर, लिहू नका,” मी म्हणाले. “ती ओळ माझी आहे. आणि मला... मला बुधवारपासून माहीत आहे.”