यादीच्या दिवशीचा सिनेमा

आमच्या परतूरच्या घरात पुस्तक कुणी एकट्यानं वाचत नाही. बाबा मोठ्यानं वाचतात आणि आई अर्थ सांगते. ही रीत बाबांनी गावाकडून आणली. घनसावंगीजवळच्या त्यांच्या गावात श्रावणात देवळात पोथी लागायची. एक जण ओवी वाचायचा, दुसरा तिचा अर्थ सांगायचा. बाबा वाचणारे होते. पुढे ते मोंढ्यात मापाडी म्हणून धान्य मापायच्या कामाला लागले, पोथी गावातच राहिली, पण रीत सुटली नाही. कादंबरी असो, प्रवासवर्णन असो, शिकारीच्या गोष्टी असोत, बाबा पानभर वाचून थांबतात आणि आई "म्हंजे काय झालं" म्हणून सुरू होते. ती चौथी शिकलेली, पण निम्मा अर्थ तिच्या पदरचा असतो. लेखकानं मारलेली दोन-तीन माणसं तरी तिनं आमच्या घरात जगवलेली आहेत.

पुढच्या वर्षी काय वाचायचं ते दिवाळीत ठरतं, भाऊबीजेच्या दुसऱ्या दिवशी. दुपारी सगळ्यांनी मिळून एक सिनेमा बघायचा, मग चहा, मग जुन्या कॅलेंडरच्या पानामागं बाबांनी आपल्या हातानं यादी लिहायची. दुसऱ्या कुणी पेन धरलेलं त्यांना चालत नाही.

यंदा मी धास्तीतच आले होते. गणपतीपासून घरातलं वाचन बंद होतं. फोनवर विचारलं की बाबा म्हणायचे, "घसा बसलाय." मी संभाजीनगरहून लेकीला घेऊन निघाले ती ज्येष्ठमध आणि खडीसाखर बांधून. दरवर्षी स्टेशनवर न्यायला येणारे बाबा या वेळी आले नाहीत. घरी पोचले तर खुर्चीत बसल्या बसल्या खणखणीत आवाजात म्हणाले, "गाडी टायमावर आल्ती वाटतं." घसा कुठंच बसलेला नव्हता. म्हणजे बाबांचं मनच पुस्तकावरून उडालंय, असं मी धरून चालले आणि मला भीती वाटली. बाबा वाचत नाहीत असं घर मला नको होतं. यादी झाल्याशिवाय परतीच्या गाडीत बसायचं नाही, हे मी मनाशी पक्कं केलं.

दोनदा विषय काढला. "बघू ना, जल्दी काय हाय," म्हणून त्यांनी उडवून लावला. आईकडं बघितलं तर ती कढईत तोंड घालून बसली. दोघांचं काहीतरी ठरलेलं दिसत होतं आणि मला त्यातून वगळलेलं होतं. तेच मला सर्वांत झोंबलं.

सिनेमाच्या दुपारी लेकीनं मोबाईल टीव्हीला जोडला. सहकुटुंब बघायचा, हसायचा सिनेमा होता. लग्नाला निघालेलं खटलं एका टेम्पोत कोंबलेलं असतं, आणि पेट्रोल पंपावर सगळ्यांत बोलभांड आत्या मागं राहून जाते. टेम्पोत शांतता झाली म्हणून सगळे खूश, पण का झाली हे कुणाच्या ध्यानात येत नाही. लेक हसून हसून लोळत होती. मी मात्र बाबांच्या चेहऱ्याकडं बघत होते. ते खुशीत आले की लगेच कागद पुढं करायचा, असा माझा बेत होता.

बाबा हसत होते, पण लेकीनंतर. आणि आईची टकळी चालूच होती. "आता ती पर्स शोधून राह्यली बघा. टेम्पो गेला. मागं धूळ. तिच्या हातात निस्ता वडापाव." समोर दिसतंय तेच ती सांगत होती. एरवी मी हसले असते, पण चार दिवसांचा राग साठला होता.

"आई, जरा गप बस ना. आम्हाला डोळे आहेत."

आई गप बसली. तोंडातलं वाक्य तिनं अर्धंच गिळलं. तिथून सिनेमा संपेपर्यंत ती एक शब्द बोलली नाही. आणि बाबा एकदाही हसले नाहीत. टीव्हीकडं तोंड करून, हात मांडीवर ठेवून ते नुसते बसून राहिले. मला वाटलं, मी आईला बोलले म्हणून ते रुसले. मी आणखीच चिडले.

चहा झाल्यावर मी कॅलेंडरचं पान आणि निळं पेन त्यांच्यापुढं ठेवलं. तोवर लेकीनं सगळ्यांत वर आपल्या पसंतीच्या गोष्टींच्या पुस्तकाचं नाव लिहून ठेवलं होतं.

"उद्या लिहू," बाबा म्हणाले.

"उद्या सकाळी माझी गाडी आहे. सरळ सांगा, बाबा, तुम्हाला यापुढं वाचायचंय का नाही?"

माझा आवाज चढला होता. आईनं माझा दंड धरला. बाबांनी पेन उचललं, डाव्या हातानं कागदाची कड चाचपली आणि लिहायला लागले. तेच वळणदार, मोठं अक्षर. लेक वाकून बघत होती.

"आबा, तुम्ही माझ्यावरच लिहिलं की."

खरंच तिच्या ओळीवर त्यांची ओळ चढली होती. खाली सगळं पान कोरं होतं. बाबांचा हात थांबला.

"सांगून टाका आता," आई म्हणाली.

बाबांनी पेनाला टोपण लावलं. त्यालाही वेळ लागला. "काचबिंदू हाय," ते म्हणाले. "जालन्याला दाखवून आल्तो आम्ही दोघं. एका डोळ्यानं बिलकुल दिसत न्हाई. दुसऱ्यानं समोर माणूस हाय, येवढं कळतं. गेलेली नजर येणार न्हाई म्हणले. हाय ती टिकवायला थेंब दिलेत."

माझ्या तोंडातून निघालं ते रागानंच. "मला का नाही सांगितलं?"

"सांगितलं असतं तर तू यादीचा कागद काढला असता का?"

खरं म्हणजे नसताच काढला. ज्येष्ठमधाऐवजी फायली घेऊन आले असते, दवाखाने सांगितले असते, आणि पुस्तकांचं नावसुद्धा काढायचं नाही असं घरात सगळ्यांना बजावलं असतं. ज्याची मला भीती होती त्याचीच त्यांनाही होती.

लेकीनं हळूच पान उलटं फिरवलं आणि खालच्या बाजूनं लिहायला घेतलं. "आबा, तुम्ही सांगा. मी लिहिते." मला वाटलं, ते नको म्हणतील. त्यांनी एक नाव सांगितलं, मग दुसरं. तिसरं त्यांच्या मनातलं दोन भागांचं जाडजूड चरित्र होतं.

"हे कोण वाचणार?" लेकीनं विचारलं.

"तुझी आई. फोनवर, रोज एक पान," बाबा म्हणाले. "तिचा आवाज मोठा हाय, आत्ताच ऐकला ना."

मला हसायला आलं आणि रडायलाही. मी आईकडं बघितलं. ती कपबशा गोळा करत होती.

तेवढ्यात बाबांनी माझ्या दिशेनं मान वळवली. "ते जाऊ दे. त्या आत्याचं काय झालं? सापडली का त्यांना?"

मी सांगायला तोंड उघडलं आणि थांबले. मी सगळा वेळ बाबांचा चेहरा वाचत होते. पंपाच्या पुढचं मीसुद्धा काही बघितलं नव्हतं.

मी लेकीला म्हणाले, "पंपापासून परत लाव." आणि आईच्या हातातल्या कपबशा काढून घेतल्या. "आई, सांग."

"मला गप बसवलंय," आई म्हणाली. पण पदराला हात पुसत ती बाबांच्या खुर्चीला टेकून बसली. टीव्हीवर टेम्पो निघाला.

"हं, तर वडापाव हाय हातात," आईनं सुरू केलं, "आणि मागं वळून बघती तर कोणीच न्हाई."

बाबा हसले. मी टीव्हीकडं पाठ करून त्यांच्यासमोर बसले आणि आई सांगेल तेवढाच सिनेमा बघितला.