शेजारच्या टेबलावरचं मस्कत

लांज्याच्या स्टँडसमोरच्या हॉटेलात तो मला रोज सकाळी दिसायचा. नाव मी कधी विचारलं नाही. मस्कतला एसी दुरुस्तीचं काम करतो आणि दोन महिन्यांच्या सुट्टीवर आलाय, एवढं त्याच्या बोलण्यातूनच कळलं. समोर त्याचे तीन मित्र बसलेले असायचे. त्यांचा चहा गार होऊन जायचा.

तिकडच्या गोष्टी सांगताना त्याला टेबल लागायचं. साखरेची बरणी म्हणजे मशीद, पाण्याचा ग्लास म्हणजे अरबाचा बंगला आणि मधून फिरणारं त्याचं बोट म्हणजे रस्ता चुकलेली टॅक्सी. "मेल्या, मग पुढे काय?" मित्र विचारायचे.

शेजारच्या टेबलावर मी जळत बसायचो. मीही तीन वर्षं मस्कतलाच होतो, एका गोदामात. परत आलो तेव्हा मित्रांनी विचारलं, सेंट आणलंस का. बायको म्हणाली, आधी जेवून घ्या. त्यापुढे कोणी काही विचारलं नाही.

एके दिवशी तो माझ्याकडे वळला. "तुम्ही तिकडे होतात ना? हे तिघे मी हसलो की हसतात. तुम्ही आधीच हसता."

इतक्या वर्षांनी कोणीतरी विचारलं होतं. पण याच्यानंतर माझं कोण ऐकणार?

"छे, मी कोल्हापूरच्या पुढे गेलेलो नाही," मी म्हणालो.

"मग या इकडे," म्हणत त्याने खुर्ची सरकवली आणि मला पहिल्यापासून सांगायला घेतलं. माझ्या मस्कतपेक्षा त्याचं मस्कत कितीतरी चांगलं होतं. चहा प्यायला तो मध्येच थांबला, तेव्हा माझ्याच तोंडून गेलं, "मग पुढे काय?"