सुभेदारांच्या गाडीचा वायपर

ज्या माणसाच्या कानाखाली जाळ काढायचा असं मी वर्षानुवर्षं ठरवून होतो, तो औंढ्यातल्या माझ्या गॅरेजच्या शेडसमोर गाडीतून उतरला आणि मी त्याला कडक सॅल्यूट ठोकला. हातात पाना होता. तो थेट कपाळावर बसला.

"फौजी दिसता," ते म्हणाले. मला ओळखलं नाही. माझं पोट सुटलंय, केस गेलेत. निदान एवढ्यात त्यांचा दोष नाही.

ते आमचे सुभेदार. नाव लिहीत नाही. तेवढीही जागा त्यांना द्यायची नाही. श्रावणी सोमवारी औंढ्याला नागनाथाचं दर्शन करून निघाले होते. पाऊस धो धो, आणि जुन्या कारचे वायपर बंद.

मी फौजेत व्हेइकल इलेक्ट्रिशियन होतो. पोस्टिंग बर्फाच्या डोंगरात. रोज गाड्या तपासायच्या, कॉन्व्हॉयबरोबर निघायचं. ड्रायव्हर नाईक किसन राठोड आमच्याच औंढ्याजवळच्या तांड्यावरचा. एकदा निघताना त्याच्या ट्रकचा वायपर अडकायला लागला.

"अर्थिंग असणार, साहेब. दहा मिनिटं द्या," मी म्हणालो.

"वेळ नाही. मूव्ह," सुभेदार म्हणाले.

घाटात बर्फ सुरू झाला. रेडिओवर किसनचा आवाज आला, "वायपर बंद. कुछ दिखता नहीं. रुकूं?"

"रुकना नहीं. हाथ से पोंछो. ओव्हर," सुभेदारांचं उत्तर आलं.

माझी गाडी मागेच होती. किसन बाहेर वाकून काच पुसताना मी पाहिला. पुढच्या वळणावर ट्रक दरीत गेला.

चौकशीत सुभेदार म्हणाले, ड्रायव्हर पेंगला होता. माझं सांगणं कोणी धरलं नाही. तांड्यावर पोचेपर्यंत त्याचं 'पिऊन होता' झालं. किसनची माय लिंबीबाई तेव्हापासून कुणाच्या लग्नाकार्यात जात नव्हती.

आता शेडसमोर मी सुभेदारांच्या कारचं बॉनेट उघडलं. फ्यूज शाबूत. स्विच बराबर. मोटरच्या प्लगला टेस्ट लॅम्प पेटला, म्हणजे करंट येत होता. मोटरच्या अंगापासून बॅटरीच्या मायनसला एक वायर लावली. वायपर सपासप फिरले. अर्थिंगच्या बोल्टखाली गंज होता, बस.

"शाब्बास!" सुभेदार म्हणाले.

मी वायर काढली. वायपर काचेच्या मधोमध थांबले.

"का काढली?"

"रुकना नहीं, साहेब. हाथ से पोंछो."

त्यांचा चेहरा उतरला. "जाधव?"

"व्हय. तांड्यावर चला. किसनच्या मायला खरं सांगा, मग जोडून देतो."

"आणि नाही आलो तर?"

"बसा मग. पाऊस हाय तवर उभ्या औंढ्याला सांगतो तुमी कोण ते."

गाडी मी चालवली. सुभेदार शेजारच्या खिडकीतून हात काढून काच पुसत होते. मला मरायचं नव्हतं, म्हणून हळू चालवली. खड्डा मात्र एकही चुकवला नाही. दया आली का? न्हाई. खोटं कशाला बोलू, मजा आली.

लिंबीबाईच्या दारात ते चिंब उभे राहिले. "आई, तुमचा मुलगा झोपला नव्हता. पिऊनही नव्हता. वायपर बंद होता. थांबू नको असं मी सांगितलं."

"जोरात बोल," म्हातारी म्हणाली. "शेजारचे ऐकून राहिले."

तिने ते तीनदा वदवून घेतलं. पाणीसुद्धा विचारलं नाही. "जाय आता," एवढंच म्हणाली.

तिथेच, तिच्या अंगणात, मी गंज घासला आणि बोल्ट आवळला. ते गेले. मी पायी परत आलो.

घरी बायकोने, शोभाने, माझ्या कपाळावरच्या टेंगळावर हळद लावली. सगळं ऐकून घेतलं. "अन् वायपर? लई वेळ लागला का?"

"छे. दहा मिनिटं."

तिने हळदीची वाटी खाली ठेवली. मग म्हणाली, "किसनभाऊजीसाठी बी तेवढीच मागितली व्हती तुमी."