मशीन हाय म्हणतंय

मी शाळेत मराठी शिकवते. घरात हाय-न्हाय खपवून घेत नाही. माझ्या वडिलांना, आबांना मात्र जन्मभर सुधारता आलं नाही. पेठ वडगावात त्यांचं शिवणकामाचं दुकान, मशीन पायानं चालवायचं. मधुमेह झाला आणि नेमकी त्याच पायाच्या अंगठ्याला जखम झाली. डॉक्टरांनी बजावलं, साखर उतरली नाही तर अंगठा काढावा लागेल. आबांचं तोंड एवढंसं झालं. "मग पायडल कसं मारायचं?"

मी कोल्हापुरातून रक्तातली साखर मोजायचं नवं मशीन नेऊन दिलं. बोटाला सुई टोचायची, थेंब पट्टीला लावायचा, आकडा येतो. शिंप्याला सुईचं मेलं काय कौतुक! रोज सकाळी मी फोनवर विचारायची, ते आकडा सांगायचे.

एके दिवशी म्हणाले, "हाय."

"हाय नाही आबा, आहे म्हणा. किती आहे?"

"किती न्हाय. नुसतं हाय."

"साखर आहे हे मलाही माहीत आहे! आकडा सांगा."

"आकडाच न्हाय की गं! मशीनच हाय म्हणतंय."

माझं डोकंच फिरलं. कुणाच्या तरी बारशाचे पेढे हाणले असणार आणि आता लपवतायत! "मशीनसुद्धा वडगावचं बोलायला लागलं वाटतं?" मी खेकसले.

तेही तापले. "लिवलंय तसं सांगतोय! इंग्रजी एच, म्होरं आय. तुझ्यापरास मशीन बरं, आमचं तरी बोलतंय!"

मी डॉक्टरांना फोन लावला. ते ओरडलेच. साखर मोजण्यापलीकडे गेली की मशीन आकड्याऐवजी इंग्रजीत 'हाय' दाखवतं, म्हणजे फार जास्त. "आत्ताच्या आत्ता आणा!"

जीप करून वडगाव गाठलं. परत येताना आबांची जीभ जड झाली होती. गोळ्या घेताय ना, विचारलं. "सोडल्या की. मशीन आणलंस न्हवं, मग गोळी कशाला?"

देवा! हा माणूस बोट टोचण्यालाच औषध समजत होता. रागवावं की रडावं कळेना. रडलेच.

दवाखान्यात पोचेपर्यंत त्यांची शुद्ध हरपली. सलाईन लागलं, इन्सुलिन सुरू झालं. दुसऱ्या दिवशी साखर उतरली. डॉक्टरांनी पट्टी सोडून जखम पाहिली आणि कापायची गरज नाही म्हणाले.

संध्याकाळी आबांनी डोळे उघडले. पांघरुणाखाली बघायचा त्यांना धीर होईना. माझ्याकडं बघत पुटपुटले, "अंगठा?"

"हाय, आबा!" मी म्हणाले. "हाय की!"